अंदाजाला गुण का नाहीत?

माझ्या भावाची सांगोल्याकडे दोन एकर डाळिंबाची बाग आहे. झाडं सहाशेच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी त्याने बाग उक्ती द्यायची ठरवली, म्हणजे काट्यावर नाही, नजरेवर सौदा. व्यापारी आला, दोन ओळींतून चालत गेला, एका झाडाखाली वाकून वर बघितलं, एक फळ तळहातावर घेऊन तोललं आणि बाहेर येऊन म्हणाला, "आठ टनाचा माल आहे, धरा." भावाच्या मनात तोवर अकराचा आकडा होता. रोज त्याच झाडांत राबणारा माणूस तो. पण समोरच्याने आठ म्हटल्याबरोबर त्याचा अकरा त्यालाच जास्त वाटायला लागला. "आठ नाही हो, नऊ तरी भरंल," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. साडेआठ टन धरून सौदा ठरला. माल भरून गाडी गेली आणि चार दिवसांनी गाडीवाल्या पोराकडून वजनकाट्याच्या पावतीवरचा आकडा कळला. पावणेअकरा टन.

मी त्याला बोलले. गणिताची बाई आहे मी, बोलणारच. तो शांतपणे म्हणाला, "आक्का, तुझं गणित शाळंत. हितं माणूस म्होरं उभा ऱ्हातोय."

सोलापुरात एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. भावाचं वाक्य मला लागलं ते खरं होतं म्हणून. या एकतीस वर्षांत मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या आणि 'अंदाजे', 'साधारण', 'सुमारे' असे शब्द दिसले की त्यांच्याखाली लाल रेघ ओढली. एका मुलाने खोलीच्या क्षेत्रफळाचं उत्तर ४,८०० चौरस मीटर काढलं होतं. दशांश चिन्ह घसरलं होतं, बाकी पायऱ्या बरोबर होत्या. चारपैकी तीन गुण दिले. त्याच गठ्ठ्यात एका मुलीने पायऱ्या न दाखवता लिहिलं होतं, 'साधारण ५० चौ. मी. असेल.' खरं उत्तर ४८ होतं. तिला मी शून्य दिलं. नियमाप्रमाणे दोन्ही निर्णय बरोबर होते. पण आपल्या वर्गखोलीपेक्षा कैक पट मोठी, एकराहूनही मोठी खोली कागदावर उतरली तरी ज्याला खटकलं नाही, त्याला मी तीन गुण दिले होते. जिच्या डोळ्यांपुढे खोली उभी राहिली होती, तिला काहीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अंदाज शाळेत शिकवायला हवा, त्याची परीक्षा घ्यायला हवी आणि त्याला गुण द्यायला हवेत. आणि धरणाचं पाणी, गर्दी, पिकाची हानी, खर्च असे जे आकडे सरकार आणि वर्तमानपत्रं आपल्यापुढे ठेवतात, ते सामान्य माणसाला अजमावता येतील अशा रूपात ठेवायला हवेत. या दोन मागण्या मला वेगळ्या वाटत नाहीत.

अंदाज ही काही आळशी माणसाची युक्ती नाही. मोजणी शिकण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याजवळ असलेली ती शक्ती आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की या संशोधकांना दिसलं की सहा महिन्यांच्या बाळांना आठ ठिपके आणि सोळा ठिपके यांतला फरक कळतो. आठ आणि बारा यांतला कळत नाही. म्हणजे एकास दोन हे प्रमाण ओळखू येतं, दोनास तीन येत नाही. वय वाढतं तशी ही नजर बारीक होत जाते. ॲमेझॉनच्या जंगलातल्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत पाचाच्या पुढे संख्यांना ठरलेली नावं नाहीत. पिएर पिका, स्तानिस्लास देहाएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की ठिपक्यांच्या दोन मोठ्या ढिगांपैकी मोठा कोणता हे ते लोक जवळजवळ फ्रेंच माणसांइतकंच अचूक सांगतात. नेमकी वजाबाकी करायची वेळ आली की मात्र अडतात. नेमकेपणा भाषा आणि शिक्षण देतात. अजमास जन्माबरोबर येतो.

त्याहून जुना एक प्रयोग मी दरवर्षी पाचवीच्या वर्गात करायचे, फक्त घेवड्याच्या बियांऐवजी चिंचोके घेऊन. इंग्लंडमधले अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी हजारावर वेळा एका पेटीत बिया टाकल्या आणि एका नजरेत किती दिसतात ते लिहून ठेवलं. १८७१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तीन-चार बियांपर्यंत ते एकदाही चुकले नाहीत. पाचापासून चुका सुरू झाल्या आणि संख्या वाढली तशा वाढत गेल्या. माझी मुलं अगदी तशीच. मी टेबलावर चिंचोके टाकायची, मनातल्या मनात दोन म्हणेपर्यंत ठेवायची आणि वरून रुमाल टाकायची. तीन असले तर सगळा वर्ग एका सुरात 'तीन!' सात असले की 'सहा', 'सात', 'आठ' असा कालवा. तीस असले की वीसपासून पन्नासपर्यंत काहीही. मग मी सांगायची, "हे तीस होते, नीट बघून घ्या." पुढच्या वेळी चाळीस टाकले तर अंदाज एकदम सुधारलेले असायचे. हे का होतं ते मला पुष्कळ नंतर वाचायला मिळालं. वेरोनिक इझार आणि देहाएन यांनी २००८ मध्ये हेच दाखवलं होतं. एक खरा ढीग दाखवून त्याची खरी संख्या सांगितली की माणसाची पुढची सगळी मापं त्याला धरून सरकतात. एका खऱ्या मापाने नजर ठिकाणावर येते. शिकवण्यासाठी याहून सोयीची गोष्ट कोणती?

आणि आपल्या मराठीने तर ही विद्या व्याकरणातच भरून ठेवली आहे. आपण 'दोन-चार माणसं' म्हणतो, 'दहा-बारा' म्हणतो, 'पंधरा-वीस' म्हणतो, 'पन्नास-साठ', 'शे-दीडशे', 'दीड-दोन हजार'. या जोड्यांतलं अंतर बघा. दोन, दोन, पाच, दहा, पन्नास, पाचशे. संख्या वाढते तसा जोडीतला पल्ला वाढत जातो. जर्मनीत एर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात हातांत वजनं देऊन जो नियम शोधला तो हाच. आपल्याला फरक जाणवतो तो किती वाढलं यावरून नव्हे, आधीच्या किती पट वाढलं यावरून. पाच भाकऱ्यांत एक वाढली तर डोळ्याला दिसते. पन्नास भाकऱ्यांच्या चवडीत एक वाढली तर करणारीलाही कळत नाही. 'सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस लोक होते' असं कुणी म्हटलं तर त्याने मोजलेच आहेत असं आपण समजतो. तसंच त्या 'एक' प्रत्ययाचं. विसेक, पन्नासेक, शंभरेक. सदतिसेक असा शब्द कुणाच्या तोंडी येणार नाही, कारण जी संख्या मोजून आली तिला 'एक' लागत नाही. आठ वर्षांच्या मुलालाही हे कुणी न शिकवता कळतं. शाळेत आलं की तेच मूल 'शंभरेक' लिहायला घाबरतं.

घरातली मापंही तशीच होती. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. तांदळावर बोटाचं दीड पेर पाणी. आई काठवटीत पीठ घ्यायची ते हाताने, आणि आठ माणसांच्या भाकऱ्या झाल्यावर काठवटीत भुरभुर पीठ उरायचं, तेवढंच. शेजारच्या पद्मशाली मावशी विड्या वळायच्या. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधायच्या आधी त्या मूठ नुसती दाबून बघायच्या. "दोन कमी," म्हणायच्या आणि दोनच कमी असायच्या. मी लहानपणी हट्टाने मोजून बघितलेलं आहे. तो हात काही जन्मजात नव्हता. हजारो कट्टे बांधून, प्रत्येक वेळी मोजून, चुकून, पुन्हा मोजून तो तयार झाला होता. नजरेला खऱ्या मापाची जोड मिळत राहिली की अंदाज असा धारदार होतो.

जुन्या मराठी शाळांत याची तयारी करून घेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन, हेही आता सांगावं लागतं. हे पाढे नुसते पाठांतराचे नव्हते. पाऊणकी येणारा माणूस ४७ चा पाऊणपट किती हे विचारल्यावर पेन शोधत नाही. 'पस्तीसच्या वर' असं लगेच म्हणतो. मला ते पाढे जसेच्या तसे परत आणायचे नाहीत. घोकंपट्टीत किती मुलं गणिताला मुकली तेही मी बघितलं आहे. पण ते काढताना त्यांच्या आत जे होतं, अपूर्णांकात विचार करण्याची सवय, ते ठेवायला आपण विसरलो. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधिमंडळापर्यंत चर्चा गेली. संख्येचं नाव काय असावं यासाठी आपण इतकं भांडलो. ती संख्या केवढी असते हे मुलांना कळतं का, यासाठी कधी भांडलो नाही.

आता दुसरी बाजू, कारण उपजत नजरेवर आंधळा विश्वास ठेवा असं मला म्हणायचं नाही. ती नजर दोन ठिकाणी हमखास फसते आणि सार्वजनिक जीवनात नेमकी तीच दोन ठिकाणं महत्त्वाची आहेत.

पहिलं ठिकाण म्हणजे मोठे आकडे. नववीच्या वर्गात मी फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी रेघ मारायची. डाव्या टोकाला एक हजार, उजव्या टोकाला एक कोटी. "या रेघेवर लाख कुठे येईल? या, खूण करा." एकेक जण यायचा आणि खूण करायचा ती बहुतेकदा मध्यावर किंवा मध्याच्या थोडं अलीकडे. फळा दहा फुटांचा. लाख येतो तो डाव्या टोकापासून सव्वा इंचावर. मी ती खूण केली की वर्गात एकदम शांतता पसरायची. मग एखादा मुलगा म्हणायचा, "बाई, मग उरलेला सगळा फळा कशाचा?" कोटीचा, बाळा. रॉबर्ट सीगलर आणि जॉन ऑपफर यांच्या २००३ च्या अभ्यासात लहान मुलं हजारापर्यंतच्या रेघेवर हेच करताना दिसली. लहान संख्या फार पुढे सरकवायच्या आणि मोठ्या संख्या शेवटी दाटीवाटीने बसवायच्या. शाळेमुळे हजारापर्यंतची रेघ सरळ होते. लाख-कोटींची रेघ कुणी सरळ करून देत नाही, म्हणून पंचवीस लाखांचा रस्ता आणि पंचवीस कोटींचा रस्ता आपण एकाच सुरात वाचतो.

दुसरं ठिकाण म्हणजे समोरच्याने आधी फेकलेला आकडा. माझ्या भावाचं जे झालं ते. आमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काह्नेमन यांनी १९७४ मध्ये हे मांडलं. शाळेतल्या मुलांच्या एका गटाला त्यांनी आठ गुणिले सात गुणिले सहा असं एकपर्यंतचं उत्तर पाच सेकंदांत अंदाजाने सांगायला लावलं, दुसऱ्या गटाला तेच एकापासून आठपर्यंत. आठापासून सुरू करणाऱ्यांचा मधला अंदाज २,२५० आला, एकापासून सुरू करणाऱ्यांचा ५१२. खरं उत्तर ४०,३२०. सुरुवातीला जो आकडा कानावर पडला त्याच्या खुंटीला मन बांधलं गेलं, आणि दोरी फार लांब गेली नाही. व्यापाऱ्याला हा निबंध ठाऊक असण्याची गरज नाही. आधी कुणी बोलायचं हे त्याला धंद्याने शिकवलेलं असतं. शेतकऱ्याला ते शाळेने शिकवायला हवं होतं.

आता उजनी धरणाकडे येते. सोलापूरकर म्हणून या विषयात माझा जीव अडकला आहे तो तिथेच.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड पाणी हे कित्येक वर्षांचं आहे. त्यामुळे इथल्या प्रत्येक घरात पाण्याचा अंदाज बांधणारं एक माणूस असतं आणि ती बहुतेक बाईच असते. माझी धाकटी जाऊ पिंपाच्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक करत खाली येते. आवाज जिथे बदलतो तिथे पाणी. "परवा सकाळपर्यंत पुरंल, धुणं काढायचं नाही," असं ती म्हणते आणि परवा सकाळीच पिंप रिकामं होतं. ही बाई सकाळी पेपर उघडते आणि वाचते, 'उजनी उणे साठ टक्के'. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी जवळजवळ तिथपर्यंत खाली गेली होती. उणे साठ टक्के पाणी म्हणजे केवढं? पिंप उणे कसं होतं? इथे तिची सगळी विद्या थांबते, आणि ती थांबते ती तिच्या कमतरतेने नव्हे, तर आकड्याच्या मांडणीने.

हिशेब असा आहे. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या आसपास. त्यातलं ५३.५७ टीएमसी उपयुक्त आणि ६३.६६ टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणून 'उजनी शून्य टक्के' अशी बातमी येते त्या दिवशी धरणात जवळपास चौसष्ट टीएमसी साठा असतो. 'उजनी पन्नास टक्के' म्हणजे निम्मं धरण नव्हे, एकूण साठवणीच्या तीनचतुर्थांशाहून जास्त. आणि 'उणे साठ' म्हणजे मृत साठ्यातूनही उपयुक्त साठ्याच्या साठ टक्क्यांएवढं पाणी गेलं, साडेएकतीस टीएमसी शिल्लक. अभियंत्यांना ही रीत सोयीची आहे, कारण कालव्याला किती सोडता येईल ते त्यांना बघायचं असतं. पण शहरात तोच आकडा 'धरण आटलं' म्हणून पोहोचतो.

आता टीएमसी म्हणजे काय? शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८०० कोटी लिटर. हे ऐकून कुणाच्याही डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. पण शहराला लागणारं पाणी हेच माप धरलं तर? २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. सोयीसाठी दहा लाख धरू. माणशी रोज १३५ लिटर हे शहरांसाठीचं सरकारी प्रमाण. म्हणजे दिवसाला साडेतेरा कोटी लिटर, वर्षाला सुमारे ४,९०० कोटी. पावणेदोन टीएमसी! सगळ्या शहराला रोज, भरपूर, वर्षभर. 'उणे साठ' टक्क्यांच्या उजनीत अशी अठरा वर्षं बसतात.

लगेच सांगते, याचा अर्थ पाणीटंचाई खोटी असा अजिबात नाही. तळाशी गाळ आहे. उन्हाळ्यात बाष्पीभवन होतं. पातळी खाली गेली की पंपांना पाणी ओढता येत नाही. धरण शेतीसाठीही बांधलेलं आहे आणि माझा भाऊ शेतकरी आहे. पण हा अंदाज डोक्यात बसला की प्रश्नच बदलतो. 'धरणात पाणी आहे का?' हा प्रश्न राहत नाही. 'पावणेदोन टीएमसी पिणाऱ्या शहराला पाचव्या दिवशी पाणी का?' हा राहतो. मग जलवाहिनी, पंप, टाक्या, गळती यांच्याकडे बोट वळतं. भीमेच्या पात्रातून शंभराहून जास्त किलोमीटर पाणी खाली सोडून औज बंधाऱ्यात भरायचं आणि तिथून शहरात आणायचं, या पद्धतीत शहर पितं त्याच्या कैक पट पाणी धरणातून सोडावं लागतं, ते दिसायला लागतं. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे सगळ्या शहराचं वर्षाचं पाणी अडीच हजार हेक्टर उसाच्या पाण्याएवढं. कुणी चुकलं, कुणी बरोबर, हे मी ठरवत नाही. पण हे आकडे ज्या नागरिकाला मांडीवर घेऊन बसता येतात तो नगरसेवकाला वेगळा प्रश्न विचारतो. म्हणून पाटबंधारे खात्याने आणि वर्तमानपत्रांनी टक्क्यांच्या जोडीला एवढं तरी छापावं: धरणात एकूण पाणी किती टीएमसी, त्यातलं उपसण्याजोगं किती आणि शहराला ते किती दिवसांचं. दिवसांचं माप माझ्या जावेला कळतं.

गर्दीचं थोडक्यात सांगते. जानेवारीत सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. मी लहानपणापासून जाते. सात नंदीध्वज येतात, अंगावर काटा येतो. दुसऱ्या दिवशी 'लाखो भाविक' असं छापून येतं. श्रद्धा मोजायची नाही, मान्य. पण माणसं मोजायलाच हवीत, कारण किती पोलिस, किती वाटा, किती रुग्णवाहिका हे त्यावर ठरतं. अमेरिकेत हर्बर्ट जेकब्ज नावाच्या पत्रकारिता शिकवणाऱ्या गृहस्थांनी १९६० च्या दशकात बर्कलीच्या चौकातल्या सभा खिडकीतून बघून साधी रीत बसवली. मैदानाचे चौकोन पाडायचे आणि दाटीनुसार माणशी जागा धरायची. सैल गर्दीत दहा चौरस फूट, दाटीत साडेचार, खांद्याला खांदा भिडला तर अडीच. शंभर मीटर लांब-रुंद मैदान म्हणजे एक लाखाहून थोडे जास्त चौरस फूट. दाट गर्दीत तिथे चोवीस-पंचवीस हजार माणसं मावतात. प्रचारसभेनंतर तसल्याच मैदानाबद्दल कुणी 'दोन लाख' म्हणालं तर आठवीच्या मुलीला हात वर करून 'कसे?' असं विचारता आलं पाहिजे.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो मला हलका वाटत नाही. आमचे एक सहकारी नेहमी म्हणत, "बाई, अंदाज शिकवाल तर मुलं सैल होतील. आधीच 'चालतंय की' ही आपली वृत्ती." त्याहून कडवा आक्षेप शेतकऱ्यांकडून ऐकला आहे: अंदाजानेच तर आम्हाला बुडवलं. पैसेवारीचं उदाहरण देतात. पूर्ण पीक म्हणजे शंभर पैसे असं धरून पीक किती आलं त्याची पैशात आकारणी होते; पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींचं दार उघडतं, वर गेली तर बंद. पहिल्या टप्प्याला नावच 'नजरअंदाज पैसेवारी' आहे. २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, पेरणी, जमिनीतला ओलावा, उपग्रहाची चित्रं यांच्यावर भर आला, तरी पैसेवारी आजही जाहीर होते. अठ्ठेचाळीस की बावन्न यावर गावाचं वर्ष ठरायचं. आणि वेबरचा नियम सांगतो की नुसत्या नजरेला अठ्ठेचाळीस आणि बावन्न यांतला फरक ओळखणं फार अवघड!

पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. दोष अंदाजाचा नाही. अंदाजाला नेमक्या आकड्याचे कपडे घालून उभं केलं, हा दोष आहे. 'बावन्न पैसे' असं लिहिणाऱ्याला 'पंचेचाळीस ते साठच्या दरम्यान' असं लिहायला लावा, लगेच कळेल की मधली रेघ ओलांडली की नाही हे या पद्धतीने ठरतच नाही आणि शेतात जाऊन कापणी करूनच बघावं लागेल. जो अंदाज आपला पल्ला सांगतो तो प्रामाणिक. जो पल्ला लपवतो तो सैल, मग त्याला दोन दशांश स्थळं का असेनात.

पैसेवारी ठरवणाऱ्या गावच्या समितीसाठी आणखी एक साधी गोष्ट. फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ मध्ये इंग्लंडातल्या प्लायमथच्या जनावरांच्या प्रदर्शनातला एक किस्सा प्रसिद्ध केला होता. कापून साफ केल्यावर बैलाचं वजन किती भरेल यावर लोकांनी पैज लावली होती. ७८७ चिठ्ठ्या. बरोबर मधला अंदाज आला १,२०७ पौंड, खरं वजन १,१९८. एकेकट्याची चूक मोठी, सगळ्यांची मिळून इवलीशी. पण ते साधलं कारण प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहिला होता, शेजाऱ्याचा ऐकून नव्हे. पीक पाहायला गेलेल्या समितीतही साहेबांनी आधी आकडा बोलायचा आणि बाकीच्यांनी मान हलवायची, ही रीत मोडून आधी सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहाव्यात. याला पैसा लागत नाही.

भावाच्या मुलीने गेल्या हंगामात डाळिंबाच्या बागेचा असाच पल्ल्यासकट अंदाज काढला. ती आठवीत आहे. बागेच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली मिळून बारा झाडं तिने निवडली, बापाने दाखवलेली लगडलेली नव्हेत तर तिला दोरी टाकून सापडली ती. फळं मोजली, झाडाला सरासरी सत्तरेक. वीस फळं तोलली, पाच किलो. म्हणजे झाडाला साडेसतरा किलो, सहाशे झाडांचे साडेदहा टन. पोरीने पाटीवर लिहिलं, 'साडेनऊ ते साडेअकरा.' व्यापारी आला तेव्हा भावाने त्याला बोलू न देता आपला आकडा आधी सांगितला. व्यापाऱ्याने स्वतः दोन झाडं मोजली, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "उक्तं नको. काट्यावरच घेऊ."

नजर तरबेज झाली की सगळं गणित सुधारतं, असा दावा मी करणार नाही. २००८ मध्ये जस्टिन हॅलबर्डा आणि सहकाऱ्यांना चौदा वर्षांच्या मुलांत ठिपके अजमावण्याची नजर आणि गणितातली गती यांचं नातं दिसलं होतं. पुढच्या संशोधकांत त्यावर मतभेद राहिले. मला त्या वादाच्या निकालाची वाट बघायची गरज वाटत नाही. पोहायला येतं म्हणून मूल धावण्यात पहिलं येत नाही, तरी विहिरीच्या गावात पोहणं शिकवावंच लागतं.

पुस्तकांत अधूनमधून 'अंदाज करा' अशी चौकट असते. पण परीक्षेत जे येत नाही ते वर्गात शिकवलं जात नाही, ही आमची शिक्षकांची लाजिरवाणी पण खरी गोष्ट आहे. म्हणून मागणी परीक्षेपासून करते. सहावीपासून गणिताच्या प्रत्येक पेपरात चार गुणांचा एक प्रश्न असावा. नमुना देते.

'वर्गाच्या खिडकीतून पटांगणाकडे बघा. तिथे धक्काबुक्की न होता किती मुलं उभी राहू शकतील? टेप किंवा पट्टी वापरू नये. आधी आकडा लिहा, मग तो कसा काढला ते लिहा, मग खरी संख्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती असेल ते लिहा.'

तपासणाऱ्यासाठी: आकडा खऱ्याच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त नसेल तर एक गुण. रीत पटण्याजोगी असेल तर दोन. खरी संख्या विद्यार्थ्याने सांगितलेल्या पल्ल्यात बसली तर एक. पण पल्ला 'एक ते एक लाख' असा असेल तर तो गुण देऊ नये. आकडा खोडून दुसरा लिहिला असेल तर गुण कापू नयेत. खोडलेला आकडाही वाचता येईल असाच खोडा, हे मुलांना पेपर वाटायच्या आधी सांगावं.